कजाव्याची दुसरी बाजू

क्वीन्सटाउन, सिंगापूर
रविवार, ५ जानेवारी २०२५

इरा,

वर काय लिहावं यावर मी अर्धा तास घालवला. ‘चिरंजीव’ म्हटलं की माझ्या आजोबांची पोस्टकार्डं डोळ्यांसमोर येतात, आणि ‘प्रिय’ लिहिलं असतं तर तू पुढे वाचलंच नसतंस. म्हणून नुसतं नाव.

पत्र लिहायचं कारण सरळ आहे. तू माझा नंबर ब्लॉक केला आहेस, ईमेलला उत्तर देत नाहीस, आणि बाबाच्या फोनवरून तुझ्याशी बोलायचं म्हणजे शेजाऱ्यांच्या घरात उभं राहून बोलल्यासारखं वाटतं. बाबा म्हणाला, पुण्यात गेल्यावर तुला शाळेत मराठी घ्यावं लागलं आणि आता तू न अडखळता वाचतेस. तेव्हा मराठीतच लिहिते. अक्षर लागलं नाही तर त्याला विचार, त्याला माझ्या अक्षराची सवय आहे.

तुझं तिकीटही त्यानेच कळवलं. पंधरा फेब्रुवारी, शनिवार. मुंबईहून निघून सकाळी पावणेआठला चांगी, आणि मेलबर्नचं विमान रात्री पावणेनऊला. म्हणजे मधे तेरा तास. तुझ्याकडे ऑस्ट्रेलियाचा व्हिसा आहे, त्यामुळे एवढ्या वेळासाठी बाहेर यायला तुला इथला वेगळा व्हिसा लागत नाही. मी खात्री करून घेतली आहे. मी टर्मिनल दोनच्या अरायव्हलपाशी असेन, सकाळी साडेसातपासून. तुला बाहेर यायचं नसेल तर नको येऊस. मी तुझं विमान सुटेपर्यंत थांबेन आणि मग घरी जाईन. त्या दिवशी मला दुसरं काम नाही.

सांगायचं होतं ते एवढंच. पण एवढंच लिहून पाकीट बंद केलं तर ते सोसायटीच्या नोटिशीसारखं दिसेल, म्हणून आणखी थोडं.

मी बरी आहे. घर तेच, अकराव्या मजल्यावरचं. समोरच्या ब्लॉकला फिकट हिरवा रंग दिलाय, हॉस्पिटलसारखा. तुझी खोली मी अभ्यासाला घेतली होती, पण महिन्याभरात परत बाहेरच्या टेबलावर आले. आता तिथे इस्त्रीचे कपडे असतात. खालच्या हॉकर सेंटरमध्ये, त्या खाण्याच्या टपऱ्यांत, तुझ्या आवडीच्या ‘वांटन मी’ नूडल्स करणारा म्हातारा निवृत्त झाला. त्याच्या जागी आलेल्या माणसाच्या हातची चव मला सांगता येणार नाही, मी खाल्लेलं नाही.

जुनं उकरायचं नाही असं मी ठरवलंय. तरी दोन गोष्टी लिहून ठेवते, म्हणजे गैरसमज नको. एक, बाबाची जुरोंग ईस्टची नोकरी गेली तेव्हा त्याच्या इथे राहायच्या पासबरोबर तुझाही पास संपला. माझ्या पासवर तुला घेणं नियमात बसत नव्हतं. दोन, तू निघालीस त्या दिवशी माझा सेमिनार होता, आणि तो पुढे ढकलता येण्यासारखा नव्हता. हे तुला तेव्हाही सांगितलं होतं.

खानम अजून माझ्याकडेच आहे. तिच्यावरचं पुस्तक संपत आलंय.

कळव. नाही कळवलंस तरी मी तिथे असेनच.

आई


क्वीन्सटाउन
रविवार, १९ जानेवारी

इरा,

पत्र पोचलं असं बाबाकडून कळलं. तू ते उघडलंस का, असं मी त्याला विचारलं तर म्हणाला, “मी विचारलं नाही. तूच आई आहेस, तूच विचार.” त्याचं चुकलं नाही. वेगळे झाल्यापासून हा माणूस फार मुद्देसूद बोलायला लागलाय. आधीच तसा असता तर आमची पाच-दहा वर्षं सोपी गेली असती.

तेव्हा विचारते. पत्र उघडलंस का? पंधरा तारखेचं काय ठरवलंस?

आता जी गोष्ट मागच्या पत्रात टाळली ती लिहिते. माझं ते भाषण.

तू नऊ वर्षांची असल्यापासून शाळेतून आलीस की बॅग टाकायच्या आधी विचारायचीस, “आज खानमने काय खाल्लं?” मी त्या दिवशी वहीचं जे पान वाचलं असेल त्यातलं सांगायचे. खरबूज. बदाम घातलेला पुलाव. एकदा तिने उंटाच्या दुधाला नावं ठेवली होती, त्यावर तू दोन दिवस हसत होतीस. तुझ्यासाठी ती कुठलीशी लांबची आजी होती. माझ्यासाठी ती एकशे अठरा पानांची फारसी वही होती आणि माझी नोकरी होती. सव्वाशे-दीडशे वर्षांपूर्वी तेहरानच्या एका बड्या घरातली ही बाई, चाळीस खेचरं, सात दासी, एक स्वयंपाकी आणि अंथरुणाला खिळत आलेली सासू घेऊन करबलेच्या यात्रेला निघाली आणि रोज मुक्कामाला पोचल्यावर चार ओळी लिहीत गेली. नवरा पुढे घोड्यावर. पालखी सासूला दिलेली. खानम स्वतः खेचरावरच्या कजाव्यात. गावोगावच्या सुभेदारांच्या बायका तिला भेटायला यायच्या, तिला त्यांचे दागिने दिसायचे आणि त्यांच्या घरातली धूळही दिसायची. दोन्ही ती लिहायची.

२०२२च्या मेमध्ये मी त्यावर विद्यापीठात बोलले. तू शाळेतून थेट तिथे आलीस आणि शेवटच्या रांगेत बसलीस. घरी बाबा होता, पण त्या दिवसांत तो आणि मी एकाच घरात असूनही एकमेकांना मेसेज करायचो, त्यामुळे तुला तिथे बसणं बरं वाटलं असावं. मी म्हणाले की या बाईने खरबुजांना गुण दिलेत, सराईतल्या पिसवा मोजल्यात, पण बरोबर असलेल्या तेरा वर्षांच्या मुलीबद्दल वहीत अवघी दोन वाक्यं आहेत. मग मी म्हणाले, “आई होणं प्रत्येकीला जमतंच असं नाही, आणि खानमला त्याची लाजही वाटत नव्हती. मला ही बाई फार आधुनिक वाटते.” लोक हसले. मीही हसले. 

येताना एमआरटीच्या गाडीत तू विचारलंस, खानमला तिची मुलगी आवडायची नाही का. मी म्हटलं, हा आवडण्या-नावडण्याचा प्रश्न नाही, पुराव्याचा आहे. तू कानात इअरफोन घातलेस. त्यानंतर खानमने काय खाल्लं हे तू कधी विचारलं नाहीस, आणि सहा आठवड्यांनी तू बाबाबरोबर गेलीस.

त्या भाषणाचा आणि तुझा संबंध नव्हता, इरा. मी एका वहीबद्दल बोलत होते.

बाकी विशेष काही नाही. मला हल्ली कशाचंच फार वाटत नाही, चांगलं नाही आणि वाईटही नाही. डॉक्टरकडे गेले होते. त्याने रक्त तपासलं आणि ड जीवनसत्त्व कमी आहे म्हणाला. विषुववृत्तावर राहून ड जीवनसत्त्व कमी पडणं हे मला जमलंय.

आई


क्वीन्सटाउन
गुरुवार, ३० जानेवारी

इरा,

कालपासून चायनीज न्यू इयरची सुट्टी आहे. खाली सगळं बंद, लिफ्टमध्ये संत्र्यांची पिशवी घेतलेली माणसं. काल माझ्याकडे महनाज जेवायला आली होती. तू तिला भेटलेली नाहीस. ती यझदची आहे, गेल्या वर्षी आमच्या विभागात पोस्टडॉक म्हणून आली, माझ्या शेजारच्या खोलीत बसते. विषय पाण्याचा, म्हणजे कालवे आणि विहिरी. तिचा आणि खानमचा काही संबंध नाही. मी वरणभात आणि बटाट्याची भाजी केली, तिने भांड्याच्या तळाशी लागलेला खरपूस भात आणला. त्यांच्याकडे तो मुद्दाम लावतात आणि आधी तोच संपतो.

जेवण झाल्यावर तिने विचारलं, काय चाललंय, म्हणून मी लॅपटॉप उघडून तिला एकसष्टावं पान दाखवलं. करमानशाहचं. तिथल्या सुभेदाराच्या जनानखान्यात खानमचा मुक्काम होता. मी तिला वाचून दाखवलं. चार दिवस मुक्काम. मेजवानी. खरबूज गोड होतं. आज निघालो. कजाव्याच्या दुसऱ्या बाजूला दगड भरले. वारा होता.

कजावा म्हणजे काय ते तुला लहानपणी मी चित्र काढून दाखवलं होतं, पण तू विसरली असशील. खेचराच्या पाठीवर दोन अंगांना दोन लाकडी पेटारे बांधतात, वर कापडाचं छत, आणि एकेका पेटाऱ्यात एकेक बाई मांडी घालून बसते. दोन्हीकडे वजन सारखं हवं. नाहीतर सगळं एका बाजूला कलतं आणि खेचर चालत नाही.

महनाजने चहाचा पेला खाली ठेवला आणि म्हणाली, “दगड? मग दुसऱ्या बाजूची कुठे गेली?”

तिच्या पणजीने असा प्रवास केला होता. त्यांच्या घरात या गोष्टी अजून सांगतात. तिला त्यात शोध लावल्यासारखं काही वाटलं नाही. तिने साधा प्रश्न विचारला, आणि मी नऊ वर्षं ती वही वाचत असून मला तो कधी पडला नव्हता.

ती गेल्यावर मी पहिल्या पानापासून परत वाचलं. पहिल्या साठ पानांत दगड नाहीत. तेहरानपासून करमानशाहपर्यंत एकदाही नाहीत. म्हणजे तिथपर्यंत दुसऱ्या पेटाऱ्यात कुणीतरी बसत होतं. मुलीचं लग्न त्याच वर्षी करमानशाहच्या सुभेदाराच्या घरात झालं हे मला त्यांच्या वंशावळीवरून ठाऊक होतं. पण मी धरून चालले होते की मुलगी दाईबरोबर मागच्या कुठल्यातरी खेचरावर असणार, बड्या घरांत मुली दाईकडेच असायच्या म्हणून. मी तसं पुस्तकात छापून मोकळी होणार होते. ती दाईबरोबर नव्हतीच. ती एवढे सगळे मुक्काम आईच्या शेजारी, एका हाताच्या अंतरावर होती. खानमने तिच्याबद्दल लिहिलं नाही, कारण ती तिथेच होती. जी दिवसभर शेजारी बसून बडबडते तिच्याबद्दल संध्याकाळी वहीत काय लिहायचं? शिवाय घरच्या बायकांची नावं कागदावर आणायची नाहीत ही त्यांची खानदानी रीत. खानम म्हणजे नुसतं ‘बाईसाहेब’, स्वतःचंही नाव तिने कुठे लिहिलेलं नाही. हे मला माहीत होतं. माहीत असून मी हशा घेतला.

करमानशाहनंतर सरहद्दीपर्यंत अकरा मुक्काम आहेत. त्या अकराही दिवशी दगडांची नोंद आहे. दगड जास्त झाले, दोन काढले. आज कमी वाटले. आज एक पडला, उतरून दुसरा शोधावा लागला. आणि सातव्या दिवशी: खेचरवाला म्हणाला, दगडांऐवजी एखाद्या दासीला बसवू का. नको म्हटलं.

या शेवटच्या ओळीवर माझी तळटीप आहे. लेखिकेचा वर्गीय अहंकार, दासीशेजारी बसणं तिला कमीपणाचं वाटलं असावं. मी ती काल खोडली. पुस्तकातलं ते पूर्ण प्रकरण काढून टाकावं लागेल आणि आधी छापलेल्या लेखासाठी चूक कबूल करणारं पत्र मासिकाला पाठवावं लागेल. विभागप्रमुखांना आवडणार नाही. मी ते पाठवणार आहे.

तुला हे सगळं का लिहिते आहे ते तुला कळलं असेल. त्या दिवशी शेवटच्या रांगेत बसून तू जे ऐकलंस ते चूक होतं. खानमला तिची मुलगी आवडायची. तू मला विचारलं होतंस आणि मी चुकीचं उत्तर दिलं होतं.

पंधरा तारखेला आता सोळा दिवस उरले.

आई


क्वीन्सटाउन
रविवार, ९ फेब्रुवारी

इरा,

पोस्टाने हे वेळेत पोचणार नाही. हाताने लिहून फोटो काढून बाबाच्या फोनवर पाठवते. तो वाचेल. वाचू दे.

काल त्याने तुझा निरोप धाडला. अडीच वर्षांत तुझ्याकडून आलेले हे पहिले शब्द, म्हणून जसेच्या तसे इथे उतरवते. “ओके, खानमचं कळलं. तुझं काय?”

मी दिवसभर यावर काही केलं नाही. कपडे वाळत घातले. कपडे टांगायचा बांबू आत घेताना लक्षात आलं की मी एकच टॉवेल वाळत घातला होता आणि बाकीचे बादलीतच राहिले होते.

माझं असं आहे. पहिल्या पत्रात मी तुला दोन गोष्टी लिहिल्या आणि दोन्ही खोट्या होत्या.

त्या दिवशी सेमिनार नव्हता. तुम्ही टॅक्सीत बसलात तेव्हा मी अलेक्झांड्राच्या हॉकर सेंटरमध्ये कोपी, इथली ती घट्ट कॉफी, घेऊन बसले होते. सकाळी आठपासून दुपारी दोनपर्यंत. तुझं विमान साडेबाराचं होतं. टेबल पुसणाऱ्या बाईने तीनदा येऊन कप नेऊ का विचारलं. दोन वाजता मी उठले, ऑफिसला गेले आणि खानमची चार पानं उतरवून काढली. त्या दिवशीचं काम तपासलं तर त्यात एकही चूक नाही.

दुसरं, पासचं. नियमात बसत होतं. माझ्या पासवर तुझा पास करता आला असता. मी फॉर्म भरलाही होता. तुझा फोटो, जन्माचा दाखला, शाळेचं पत्र, सगळं चढवलं होतं. पाठवायचं बटन दाबलं नाही. तो अर्धवट फॉर्म काही दिवस तसाच पडून राहिला आणि मग आपोआप रद्द झाला. बाबालाही मी नियमाचंच सांगितलं होतं, तेव्हा हे तो आत्ता पहिल्यांदा वाचतोय. प्रबोध, मी तुझ्याशी नंतर बोलेन.

बटन का दाबलं नाही ते मी खाली तीनदा लिहिलं आणि तीनदा खोडलं. फोटोत तुला ती खाडाखोड दिसेल.

येऊ नये असं तुला वाटण्यासारखं आता तुझ्याकडे बरंच काही आहे. ते मीच दिलंय. तरी शनिवारी साडेसातला मी तिथे असेन.

आई


क्वीन्सटाउन
सोमवार, १७ फेब्रुवारी

इरा,

शनिवारी जे झालं ते तुला माहीत आहे, तू तिथे होतीस. तरी माझ्या बाजूने ते लिहून काढते, कारण समोर मला धड बोलता आलं नाही.

मी सव्वासातलाच पोचले. पावणेआठला तुझं विमान उतरलं, फळ्यावर दिसलं. नऊपर्यंत मुंबईची सगळी माणसं बाहेर आली. ती ओळखू येतात, सगळ्यांच्या ट्रॉलीवर दोरीने बांधलेलं एकतरी खोकं असतं. मग ती संपली. दहाला शेजारी उभा असलेला फुलांचा गुच्छवाला मुलगा त्याच्या मैत्रिणीला घेऊन गेला. बाराला मी डबा उघडला, तुझ्यासाठी आणलेल्या सांज्याच्या पोळ्यांतली एक खाल्ली आणि उरलेल्या परत ठेवल्या. मला वाईट वाटत होतं असं मी म्हणू शकत नाही. पाय दुखत होते. एवढं मात्र ठरलेलं होतं की रात्री पावणेनऊपर्यंत इथून हलायचं नाही. हॉकर सेंटरमध्येही मी सहा तास बसले होते, पण तिथून तू मला दिसणार नव्हतीस म्हणून बसले होते.

पावणेतीनला तू आलीस. केस कापलेत ते मला कुणी सांगितलं नव्हतं. तू मला आधी पाहिलंस आणि चालायची थांबलीस, मागच्या माणसाची बॅग तुझ्या टाचेला लागली. सात तास आत बसून तू काय केलंस ते मी विचारलं नाही. तूही सांगितलं नाहीस.

फूड कोर्टात काउंटरवरच्या आंटीने तुला कोपी कशी हवी विचारलं आणि तू तिला एका दमात सांगितलंस, कमी साखर, घट्ट, आणि नारळाच्या जॅमचा काया टोस्ट, बटर वेगळं, लाह. पुण्यात अडीच वर्षं राहूनही ते इथलं ‘लाह’ तोंडातून आपसूक आलं. तुझं तुलाच हसू आलं, मग मी बघतेय हे दिसल्यावर तू हसायचं थांबलीस.

तू माझी पत्रं बरोबर आणली होतीस. चारही. टेबलावर ठेवलीस, शेवटच्याचा प्रिंट काढून आणला होतास. मला वाटलं तू सेमिनारचं विचारशील, किंवा फॉर्मचं. मी उत्तरं तयार करून आले होते. तू म्हणालीस, सेमिनार नव्हता हे तुला तेव्हाच माहीत होतं, विभागाच्या वेबसाइटवर त्या दिवशी काहीच नव्हतं. फॉर्मचं माहीत नव्हतं, पण त्याचाही तुला एवढा राग नाही. मग तू टोस्टचा तुकडा मोडत, माझ्याकडे न बघता म्हणालीस, “तू एकदा म्हणाली असतीस ना, राहा, तर मी राहिले असते. फक्त एकदा.”

आणि मी म्हटलं, “माहीत होतं मला. म्हणूनच म्हटलं नाही.”

हे उत्तर मी तयार केलेलं नव्हतं. खोडलेल्या तीन वाक्यांतही ते नव्हतं. तोंडातून गेल्यावर मला कळलं की हेच खरं आहे. पुढे मी जे बोलले ते तुटक बोलले, म्हणून इथे नीट लिहिते. तू जाण्याआधीच्या दोन वर्षांत तू शाळेतलं काही सांगायला पलंगावर येऊन बसायचीस तेव्हा मला तुझे ओठ हलताना दिसायचे आणि मी योग्य ठिकाणी मान हलवायचे. शब्द आत पोचायचे नाहीत. मला तुझा कंटाळा आला नव्हता. मला कशाचंच काही होत नव्हतं. तुला ते कळायला लागलं होतं, मी मान हलवली की तू मधेच थांबून बघायचीस. बाबा गेल्यावर घरात आपण दोघीच उरलो असतो आणि तुझ्या वाट्याला रोज ती मान आली असती. ते मला नको होतं. हे अर्धं झालं. उरलेलं अर्धं हे की मला एकटीला राहायचं होतं. कुणी बघत नसताना काहीही न वाटणं सोपं असतं. तू गेल्यावर मला हलकं वाटलं, इरा, आणि ते वाटल्याची मला इतकी भीती वाटली की मी तुला फोन करायची थांबले. तू नंबर ब्लॉक केलास त्याच्या कितीतरी आधी मी थांबले होते.

तू टोस्ट संपवलास, बोटांना लागलेला काया चाटलास. मग म्हणालीस, “दॅट इज अ टेरिबल रीझन, आई.”

मी हो म्हटलं.

तू म्हणालीस, “बट ओके. ॲट लीस्ट रीझन आहे. मला वाटत होतं रीझनच नाही.”

यावर मी तुझा हात धरायला हवा होता. मनात आलं होतं, पण माझा हात डब्यावर होता आणि तो तिथेच राहिला. मी तुला पोळी दिली. तू दोन खाल्ल्यास आणि म्हणालीस की सांजा कोरडा झालाय. खरंच झाला होता.

मग आपण मेलबर्नच्या खोलीबद्दल बोललो, तुझ्या कोर्सबद्दल, बाबाच्या गुडघ्याबद्दल. गेटपाशी मी तुला स्वेटर घेतलास ना विचारलं आणि तू म्हणालीस, “आई, तिकडे उन्हाळा आहे.” मिठी वगैरे काही झालं नाही. आत गेल्यावर तू वळून बघितलंस की नाही ते मला माहीत नाही, मधे एक मोठा ग्रुप आला.

घरी येताना ताना मेराला गाडी बदलायची असते. मी बदलायला उतरले आणि फलाटावरच्या बाकावर बसले. तीन गाड्या गेल्या. रडले असं लिहिलं तर ते खोटं होईल, आणि तुला खोटं लिहायचं नाही असं मी ठरवलंय. नुसती बसले होते. पण तू मघाशी सांगितलेलं सगळं मला आठवत होतं. खोलीचं भाडं किती, सोबतच्या मुलीचं नाव कस्तुरी आहे, ती नागपूरची आहे, तिला मांजराची ॲलर्जी आहे. सगळं ऐकू आलं होतं. माझ्या लक्षात आलं की मी एकदाही मान हलवली नव्हती.

काल सकाळी सहाला उठून फोन बघितला. तुझ्या नंबरवरून एकच शब्द. “पोचले.”

मी उत्तर लिहिलं, पुसलं, परत लिहिलं. शेवटी ‘बरं’ एवढंच पाठवलं, कारण आमच्या घरी पोचल्याच्या निरोपाला एवढंच उत्तर द्यायची पद्धत होती. पण ते पुरेसं नाही. तुला जूनमध्ये सुट्टी असेल. इकडे ये. आलीस की मी तुला राहा म्हणेन. तुझं कॉलेज आहे, खोली आहे, मैत्रीण आहे, तू नाहीच म्हणशील, आणि ते बरोबरच असेल. तरी मी म्हणेन.

आई